आईचं मंगळसूत्र आणि माझी सोनोग्राफी

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी जळकोटजवळच्या गावची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका सकाळी ओटीपोटात उजवीकडे अशी कळ उठली की उभंच राहता येईना... वर उलट्या.

गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच उदगीरला जाऊन सोनोग्राफी करा म्हणाले. झालं! घरात माझ्या दुखण्यापेक्षा त्या शब्दाचीच धास्ती जास्त. बिनलग्नाच्या पोरीची सोनोग्राफी म्हटल्यावर लोक काय समजणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. चुलते तर लांब नांदेडला नेऊ म्हणत होते, तिथं ओळखीचं कुणी भेटत नाही म्हणून.

शेवटी उदगीरच ठरलं. सेंटरच्या पायरीवर आईनं स्वतःचं मंगळसूत्र काढून माझ्या गळ्यात घातलं आणि आपल्या उघड्या गळ्यावर पदर ओढून घेतला. मी कळवळत तशीच आत गेले.

काउंटरवरच्या मॅडमनी माझ्या गळ्याकडे पाहिलं, गरोदर बायकांचा फॉर्म पुढे ओढला आणि कितवा महिना म्हणून विचारलं. चुलते मान खाली घालून म्हणाले, नावाआधी 'सौ.' लिहा... नंबर लागला बारावा.

माझं डोकंच सणकलं. दुखतंय माझं, आणि वर खोटंही मीच बोलायचं? मंगळसूत्र काढून आईच्या हातात दिलं आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं लग्न झालेलं नाही. मी गरोदर नाही. पोटात दुखतंय म्हणून आलेय."

चुलते तडक बाहेर गेले. आई मात्र काउंटरला धरून उभी राहिली.

"कुमारी लिवा," ती म्हणाली. "लेकरू तळमळून राहिलंय, लोकायचं काय घेऊन बसायचं."

मॅडमनी 'सौ.' खोडलं. पण ब्लॅडर भरलेलं लागतं, आधी लिटरभर पाणी प्या म्हणाल्या. आता आली का पंचाईत! आम्ही पाणी आणलंच नव्हतं आणि सेंटरमधला जार कोरडा ठणठणीत.

ज्या बायकांच्या नजरेला आम्ही घाबरत होतो, त्यांच्यातलीच एक उठली. सातव्या-आठव्या महिन्यातली, मुखेडकडची. स्वतःच्या तपासणीसाठी जपून आणलेली बाटली तिनं माझ्या हातात दिली. "पी बाई. आन् माझ्या नंबरावर तूच जा." मग आणखी दोन बाटल्या आल्या...

उजव्या अंडाशयावर गाठ होती आणि तिला पीळ बसला होता. दुपारीच ऑपरेशन झालं. आणखी उशीर झाला असता तर अंडाशय काढावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. नांदेडच्या रस्त्याचा विचार आला की आजही संताप होतो.

त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. तिचे उपकार मात्र मी विसरलेली नाही.

पोरींनो, पोट दुखलं तर थेट जा, स्वतःच्या नावानं जा. बाकावर कुणी कुजबुजलंच तर सरळ विचारा... बाटलीत पाणी आहे का?