नळाखालची मटकी

‘एकानं काय होते’ असं म्हणणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो, आणि आमच्या गांधीबागेच्या कापडबाजारात असं म्हणणाऱ्यांचीच वस्ती आहे. कापडाच्या आमच्या दुकानात चार वाजले की गरम समोसे येतात. दुकानाचे मालक ताराचंद शेठ पुडा थेट रुपरावांच्या नाकाखाली धरतात आणि म्हणतात, “घ्या हो, एकानं काय होते.” रुपराव मान हलवतात आणि गादीमागून आपला डबा काढतात. डब्यात काकडीच्या चकत्या, नाहीतर कोरडे मुरमुरे, त्यात कांदा, कैरी आणि एखादी मिरची. तेलाचा थेंब नाही.

रुपराव म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, गोपिकाचे, यजमान. त्यांना या दुकानात मीच चिकटवलं. मूळचा खाण्याचा माणूस. पोह्यांवर तर्री दोनदा मागायचे, वर कचोरी. गादीवर बसून साड्या उलगडता उलगडता पोट सुटलं, त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. व्यापारी माणूस भरलेला दिसतो, असं उलट कौतुकच व्हायचं.

मग गोपिकाच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तिला मशीनला लावून रक्त धुऊन आणायचं. तिची आई, म्हणजे माझी अंजनामावशी, आपली किडनी द्यायला हटून बसली होती. पण तिचं वय आणि तिची साखर बघून दवाखान्यानं तिला पहिल्याच दिवशी परत पाठवलं. रुपरावांची जुळली. डॉक्टर म्हणाले, घेऊ, पण या वजनावर नाही. तुमचीही साखर काठावर आली आहे. आठ किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बघू.

म्हणजे त्या आठ किलोंवर गोपिकाचा जीव टांगलेला होता. हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं, आणि तरी जो तो रुपरावांना खाऊ घालायला टपलेला. कोणाच्या घरी गेलं तर आलुबोंडे, कोणाकडे बारसं तर जिलबी. नको म्हटलं की तोंडं वाकडी.

रुपरावांचा डबा गोपिकाच भरायची. टरबूज, संत्री, मोडाची कडधान्यं तिला वर्ज्य. पाणीसुद्धा मापानं, आणि बाहेर नागपूरचा मे महिना. घसा कोरडा पडलेला असताना ती नवऱ्यासाठी टरबुजाच्या फोडी करायची आणि हाताचा वास घ्यायची. मी एकदा म्हणालो, “कशाले वास घेते वं?”

“वासाले डॉक्टरनं मना नाही केलं,” ती म्हणाली.

त्यात यंदा धोंड्याचा महिना ऐन नवतप्यात, उन्हाच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही रीत. जावई म्हणजे विष्णू. त्याच्या पोटात गेलं ते लेकीच्या आयुष्यात जमा, असं मावशी मानते. म्हणून मी आधीच महाल भागात तिच्या घरी जाऊन विनवलं, “मावशी, यंदा नुसतं वाण दे. जेवण राहू दे.”

“काहून गा? माही पोरगी जगू नये का?”

“जगावी म्हणूनच सांगून राहिलो.”

“काकड्या खाऊन माणूस वाळून गेला. अशा अशक्त माणसाची किडनी माह्या पोरीले किती दिवस पुरन?”

या बाईला काय सांगायचं? मी डोकं धरून परत आलो.

जेवायच्या दिवशी मलाही बोलावणं होतं. मावशीनं रुपरावांचे पाय धुतले, टिळा लावला, पाट मांडला. थाळीत पाच धोंडे, पाटवडी, आमरस. तुपाचं भांडं तिनं हातातच धरलं होतं. तोवर रुपरावांचे सहा किलो उतरले होते, दोन उरले होते. त्या वासानं त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं.

“मामी, मले खरंच नको,” ते सासूला म्हणाले.

“माह्या पोरीच्या जिवासाठी खा, जवाईबापू. एकानं काय होते?”

रुपरावांचा हात थाळीकडे निघाला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या गोपिकानं त्यांच्या थाळीतला धोंडा उचलला, मोडला आणि तोंडाकडे नेला. मावशीनं भांडं टाकून तिचं मनगट पकडलं. तूप फरशीवर सांडलं.

“तुले चालत नाही ना वं!”

“काहून? एकानं काय होते?” गोपिका म्हणाली. “मले एक चालत नाही, हे तुले समजते. मंग यायले पाच कसे चालन?”

मावशी तिथंच तुपात बसली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “मंग म्या काय करू? माही किडनी कोणी घेत नाही. सैपाकच तं येते मले.”

रुपरावांनी एक पोळी आणि कोशिंबीर खाल्ली. धोंडे मी खाल्ले. रागारागानं खाल्ले, पण झाले होते उत्तम.

त्यानंतर महिनाअखेरीस, वजन करायला जायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी मावशी डोक्यावर ओला पदर घेऊन दुकानात आली. रुपरावांच्या हातात डबा दिला, “मटकी आहे, वाफवलेली,” म्हणाली आणि पाणीही न पिता गेली. चला, शहाणी झाली एकदाची, असं मला वाटलं. रुपरावांनी झाकण उघडलं. मटकी होती, कैरी होती, आणि सगळं तुपात न्हालेलं. कोरडी मटकी तिच्या जावयाच्या घशाखाली कशी उतरणार!

माझं टाळकं सरकलं. “फेका ते,” मी म्हणालो. “उद्या काट्यावर उभं राहायचं आहे. हिले अक्कल कधी येईन?”

रुपराव डबा घेऊन मागच्या मोरीत गेले. चहाच्या गाळणीत मटकी ओतून त्यांनी नळ सोडला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या दिवसांत नळातून चटके देत येतं. त्यानं तूप भराभर सुटलं आणि तवंग मोरीतून वाहून गेला. ते बोटांनी एकेक दाणा चोळत होते.

“एवढी उठाठेव कशाले करून राहिले?” मी चिडून विचारलं.

“तिची किडनी कोणी घेतली नाही गा, मार्तंड,” ते म्हणाले. “मटकी तं घेऊ दे.”