पाट्यांवरचं माझं अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे, हा माझा गुन्हा. अमरावतीहून परतवाड्याकडे येताना दुकानांच्या, शाळांच्या ज्या जुन्या पाट्या दिसतात, त्यांतल्या निम्म्या माझ्या हातच्या. आमच्या मोहल्ल्यात घरी उर्दू बोलतात, पण मराठी पाटी लिहावी तर मीच, असं लोक म्हणायचे. मग फ्लेक्स आला आणि आम्हा पेंटर लोकांचे ब्रश वाळून गेले. सूतगिरणीही बंद पडली. माझी दोन्ही पोरं पुण्याकडे कामाला गेली. ईदेला येतात, पण परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं.

म्हणून मला वेगळा विदर्भ हवा होता. कापूस इथला, कोळसा इथला आणि पोरं मात्र तिकडे, हे कुठवर चालायचं?

वेगळ्या विदर्भासाठी त्या आठवड्यात बंद होता, रस्त्यावर टायर जळत होते. आंदोलनाचा आमच्याकडचा पुढारी, ज्याला सगळे भाऊ म्हणतात, भर दुपारी माझ्या दारात आला. रस्त्यावरच्या सरकारी पाट्यांवरचं 'महाराष्ट्र' पुसून तिथे 'विदर्भ' लिहायचं होतं.

"चाचा, फ्लेक्सवाले भेऊन राहिले. तुमच्याशिवाय कोणी नाही."

"काही लफडं झालं तं?"

"मी आहो ना! माझं नाव सांगजा."

मी घरात उरलेले रंगाचे डबे बाहेर काढले. बायको म्हणाली, "घर को चुना मारने बोली तो कमर दुखती तुमारी, और अब सीढी पे चढ रहे!"

भाऊची माणसं पाट्यांना नुसतं डांबर फासत होती. मला ते बघवेना. मी पाटी धुतली, पांढऱ्या रंगाचा हात दिला, सुतळीनं रेघ आखली, अक्षरांना सावलीसुद्धा दिली. अशा नऊ पाट्या केल्या. वेडेपणाच तो. डांबर फासणाऱ्याचा हात कोणी ओळखत नाही. पेंटरचा हात गावातलं शेंबडं पोरही ओळखतं. आमच्या पोलीस ठाण्याच्या फाटकावरची पाटीही मीच लिहिलेली, आणि जमादार रोज तिच्याखालून ड्युटीवर जायचा. तो कोणाला काही न विचारता सरळ माझ्या घरी आला.

ठाण्यात भाऊ आणि त्याची माणसं आधीच बसलेली होती. अटक म्हणे! पोहे आले, चहा आला, फोटो निघाले. मी भाऊचं नाव सांगितलं, तसं ठाणेदार साहेबानं त्याला माझ्यासमोरच विचारलं, "यांना पाट्या रंगवायला तुम्ही सांगितलं होतं?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तो हो म्हणाला, तर आम्ही सगळेच आंदोलक ठरणार होतो. नाही म्हणाला, तर सरकारी मालमत्ता खराब करणारा मी एकटा.

"साहेब, आमचं आंदोलन शांततेचं," तो चहा संपवत म्हणाला. "हे काम कोणाचं, आमाले काय मालूम?"

माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. संध्याकाळी त्यांना सोडलं, बाहेर हार घेऊन लोक उभे होते. गुन्हा माझ्या एकट्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोराच्या गळ्यात हार! आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तिकडचे आम्हाला लुटतात म्हणून बोंब मारायची आणि आपल्याच माणसाला असं तोंडघशी पाडायचं! राज्य मला अजूनही हवंच आहे. पण ते असल्यांच्या हाती जाणार असेल तर मागायचं तरी कोणासाठी?

पाट्या पूर्वीसारख्या करून द्या, मग गुन्ह्याचं पाहू, असं साहेबानं मला सोडताना सांगितलं. मी चौथ्या पाटीवर होतो तेव्हा भाऊची गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली.

"चाचा, नाराज नका होऊ. पुढच्या वेळेस बी पाट्या तुमच्याच हातच्या."

मी शिडीवरून उतरलो आणि रंगानं भरलेला ब्रश त्याच्यापुढे धरला.

"पुढच्या वेळेस कायले? हा घ्या ब्रश. आताच लिवा, साऱ्या रस्त्यासमोर."

काच वर गेली. गाडी अमरावतीकडे निघून गेली आणि मी अर्धवट राहिलेलं 'महाराष्ट्र' पुरं करायला पुन्हा शिडी चढलो.