राणीच्या बागेतला एमू

सोन्याचं एक बरं असतं, संध्याकाळी कुलूप लावून तिजोरीत ठेवता येतं. किस्से कुठे ठेवणार? ते आपल्याबरोबर घरी येतात. डब्लिनच्या सँट्री भागातल्या आमच्या मराठी कंपूत कुणाकडेही जेवायला गेलं की पहिली पोळी पानात पडायच्या आत प्रश्न येतो, "काय गं, दुकानात नवीन काय?" माझा नवरा आयटीत आहे. त्याला कुणी काही विचारत नाही.

मी डब्लिनमध्ये जुन्या दागिन्यांच्या दुकानात काम करते. मालक फर्गस, आणि काउंटरवर माझी सीनिअर नोरीन. साठी उलटलेली, पाठ ताठ, लिपस्टिक कायम जागेवर. आमच्याकडे एक खास खण आहे. गोल्ड रशच्या काळात इथली माणसं बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला सोनं खणायला गेली. ज्यांचं नशीब उघडलं त्यांनी तिथेच दागिने घडवून आईला, बायकोला धाडले. डोळ्यांसमोर जे प्राणी होते तेच त्यांवर आले. कांगारू, एमू, साप, पाली, सगळे. मी डोंबिवलीची, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्या खणाला राणीची बाग म्हणते. आता फर्गससुद्धा तेच म्हणतो.

* * *

आई इकडे आली होती तेव्हा तिला दुकान दाखवायला नेलं. तेवढ्यात एक बाई कोटाच्या कॉलरवर सोन्याची पाल लावून आत आल्या. आईने इकडे तिकडे बघितलं नाही. पर्स उचलली आणि बाईंच्या खांद्यावर फटकन मारली! पाल उडून रेडिएटरखाली गेली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "पिन सैल झालीय, म्हणूनच आणलाय ब्रोच."

जाताना आई मला समजावत होती की पाल डाव्या खांद्यावर होती, बायकांना डावी चांगली, लाभ आहे त्यांना. नोरीनने मला खोदून खोदून अर्थ विचारून घेतला. तेव्हापासून पालीचा ब्रोच घेणाऱ्या प्रत्येक बाईला ती बजावते, "डावीकडेच लावा. भारतातल्या एका एक्स्पर्टने सांगितलंय."

* * *

आमच्या कंपूतली रुपाली कांगारूचं ब्रेसलेट बघायला आली. हातात घालून बघायच्या आधी तळहातावर तोललं. बावीस कॅरेटचं नाही कळल्यावर तोंड वाकडं केलं. मग मला मराठीत हळूच विचारलं, "मोडीत किती जाईल गं?"

नोरीनने अर्थ विचारला. काय सांगू? सांगितलं, की आमच्याकडे भारतात दागिना विकत घेतानाच तो वितळवला तर काय मिळेल ते बघतात. नोरीनने रुपालीच्या तळहातावरचं ब्रेसलेट अलगद काढून घेतलं, कांगारूला मऊ फडक्याने पुसलं आणि खणात ठेवून खण बंद केला. रुपालीला चहा मात्र दिला, बिस्किटांसकट.

* * *

आता नोरीनचं गुपित. शोकेसमध्ये एक ब्रोच होता. मधे नेच्याचं झाड, एका बाजूला कांगारू, दुसऱ्या बाजूला एमू, आणि दोघांची एकमेकांकडे पाठ. नोरीन तरुणपणी नोकरीला लागली तेव्हापासून तो तिथेच. तिच्या पगारात बसणारा नव्हता. पण तो दुसऱ्या कुणी नेऊ नये, एवढीच तिची जिवापाड इच्छा होती.

म्हणून ती गिऱ्हाइकं पळवायची. एक तरुण होणाऱ्या बायकोसाठी तो घ्यायला निघाला, तर हिने विचारलं, "लग्नाआधीच पाठ फिरवलेली जोडी नेतोस?" तो साधी अंगठी घेऊन गेला. एका अमेरिकन बाईंना म्हणाली, ब्रोच ग्रँडच आहे, पण हा एमू रात्री बघत राहतो. फर्गस अधूनमधून विचारायचा, हा पीस का खपत नाही? नोरीन म्हणायची, लोकांची टेस्ट बिघडलीय.

मला हसू यायचं, आणि वाईटही वाटायचं. ती रिटायर झाल्यावर त्या एमूला कोण सांभाळणार?

* * *

नोरीनच्या शेवटच्या शुक्रवारी शोकेसमधली ती जागा रिकामी दिसली. नोरीन पांढरीफटक पडली. कुणाला विकला, असं विचारायचाही तिला धीर होईना. संध्याकाळी केक कापल्यावर फर्गसने तिच्या हातात डबी ठेवली. "मी काय आंधळा आहे का इतकी वर्षं?" एवढंच म्हणाला आणि मागे जाऊन उगाच किटली लावली. नोरीन रडली, मी रडले, लिपस्टिक पहिल्यांदाच जागेवरून हलली.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तर नोरीन दारात उभी! कोटावर ब्रोच, डावीकडे.

मी म्हटलं, "अगं, करमत नाही का?"

"काल चर्चला लावून गेले होते," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, छान आहे. पण एकानेही विकत मागितला नाही."

तिने ब्रोच काढला, शोकेस उघडून त्याच्या जागी ठेवला, जरासा तिरपा होता तो सरळ केला. फर्गस तोंड उघडायच्या आत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसली.

अकराच्या सुमाराला एक टुरिस्ट जोडपं आत आलं. बाईंनी काचेवर बोट ठेवून विचारलं, "हा विकायचा आहे का?"

मी नोरीनकडे पाहिलं. तिने कोटाची बटणं सोडली आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"आहे ना," ती म्हणाली. "या, बसा. त्यात काय काय खोट आहे ते सांगते."