ब्वा-व्हेअर म्हणजे हिरवे रान

त्या शुक्रवारी मी म्हापशाच्या बसस्थानकावर उभा होतो. फोन आला तेव्हा दामूभाईने दिलेला कागद माझ्या खिशात होता, आणि मी त्याच्यावरचे नाव पुटपुटत होतो. अडतिसाव्यांदा. "दामू गेलो…" एवढेच बायको बोलू शकली. आज त्याला पाच आठवडे होत आहेत.

दामूभाई माझा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ. तुयेच्या औषध कारखान्यात त्याने एकतीस वर्षे काढली. लहानपणी गावातल्या चर्चच्या मास्तरांकडे तो व्हायोलिन शिकला होता. हात फारसा बसला नाही, पण कान तयार झाला. त्यामुळे पणजीतल्या एका हौशी वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात इंग्रजीतून निवेदन करायचे काम त्याच्याकडे आले. वर्षाला एक कार्यक्रम, त्यात सात-आठ परदेशी आडनावे. प्रत्येक नावाला दोन साक्षी मिळाल्याशिवाय तो ते कागदावर उतरवत नसे. एक शब्दकोश, आणि दुसरी साक्ष पणजीतल्या एका निवृत्त फ्रेंच शिक्षिकेची.

एवढी काळजी कशासाठी, हे मला बरीच वर्षे कळले नव्हते. त्याचे वडील देवळात गाऱ्हाणे घालत. म्हणजे देवापुढे उभे राहून गावातल्या एकेका घराचे नाव घ्यायचे, रक्षण कर म्हणायचे, आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. एका वर्षी त्यांच्याकडून एक घर राहिले. त्याच पावसाळ्यात त्या घरातला तरुण मुलगा नदीत बुडाला. कोणी बोट दाखवले नाही, पण ते पुन्हा कधी गाऱ्हाण्याला उभे राहिले नाहीत. दामूभाई तेव्हा नऊ वर्षांचा होता, वडिलांच्या शेजारीच उभा. मी एकदा म्हणालो, हा निव्वळ योगायोग. तो म्हणाला, "गणित तुमचा बरोबर आसा, भावोजी. पण बापायचो चेहरो तुमी बघूक नाय."

या वर्षी कार्यक्रमात एका फारशा ठाऊक नसलेल्या फ्रेंच संगीतकाराची रचना होती. आडनाव अक्षरांप्रमाणे वाचले तर 'बॉइसव्हर्ट' होते. निमंत्रणपत्रिका वाचून मी तसेच म्हणालो, तर त्याने कानांवर हात ठेवले. इंग्रजीत बोलतानासुद्धा मधला स घ्यायचा नाही, शेवटचा ट गिळायचा, आणि जोर दुसऱ्या भागावर द्यायचा: ब्वा-व्हेअर. अर्थ, हिरवे रान. हे आडनाव असलेल्या काही कुटुंबांनी अमेरिकेत जाऊन त्याचे सरळ इंग्रजी भाषांतर करून टाकले, ग्रीनवूड. "आपल्या गावात आसतो तर रानातलो म्हणान हाक मारली आसती," असे म्हणून तो हसला होता.

त्यानंतर आठवडाभरात छातीत दुखू लागले म्हणून त्याला इस्पितळात नेले. कार्यक्रम दहा दिवसांवर होता. भेटायला गेलो तर त्याने उशीखालून कागद काढला. तीन ओळी: नाव, उच्चार, अर्थ. श्वास कुठे घ्यायचा तिथे लहान उभी रेघ.

"मी उठाक नाय तर तुमी उबे ऱ्हवात."

"मी? इंग्रजीत? दामूभाई, माझे पाय कापतात."

"माझेय कापतत. माका मरणाची भिरांत नाय रे… नावाची आसा."

त्याने मला कधीच 'रे' म्हटले नव्हते. मग त्याने माझ्याकडून ते नाव बारा वेळा म्हणवून घेतले. पाच वेळा चुकलो. बरोबर आले की खाटेवरून बारीक आवाजात म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" शेजारच्या खाटेवरचा रुग्णही मग साथ देऊ लागला.

तो गेल्यावर वाद्यवृंदाने कार्यक्रम पुढे ढकलला. आता तो नऊ दिवसांवर आहे. सुरुवातीला दामूभाईला आदरांजली, मग संगीताचे निवेदन. दोन्ही मीच बोलायचे, असे त्यांनी गृहीत धरले आहे.

रोज सकाळी अंघोळीनंतर मी कागद घेऊन बसतो. फ्रेंच नाव आता चाळीसपैकी चाळीस वेळा बरोबर येते. स्वयंपाकघरातून बायको हळूच म्हणते, "व्हय म्हाराजा." त्याच्या तीन ओळींखाली मी चौथी ओळ लिहिली आहे: कैलासवासी, मग उभी रेघ, मग त्याचे पूर्ण नाव. ती ओळ मी अजून एकदाही मोठ्याने वाचलेली नाही. रेघेपर्यंत येतो, श्वास घेतो… आत भांड्यांचा आवाज थांबतो. ती वाट बघत असते.