मोंपेईला कोणी 'पुन्हा' म्हणेना

मी बकरी आहे. पोटापाण्यासाठी. डोक्यावर पातेलं घालून हिंडणारा मोंपेई नावाचा कार्टा दर शनिवारी टीव्हीवर जपानभर धुडगूस घालतो ना, त्याच्या मेको बकरीचा आवाज माझा. माझं नाव कुनिए. मेकोला शब्द नाहीत, नुसतं बें बें. त्या बें बेंवर मी दोन पोरींची लग्नं लावून दिली. हसा खुशाल.

पण सांगायचंय ते मोंपेईचं. पडद्यावरचं हे नऊ वर्षांचं डँबिस पोरगं म्हणजे आमची चिगुसा मिनोवा. वय सत्तरीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी. शिओगामाच्या मासळी बाजारात तिचे वडील बर्फ विकायचे, आणि गिऱ्हाइकांना हाका मारायचं काम लहानपणापासून हिच्याकडे. नाटकात काम करायचं म्हणून तोक्योला पळून आली. बुटकी म्हणून नायिकेचं काम कोणी देईना. पंधरा वर्षं बाजूची कामं केली, दिवसा नूडल्सच्या दुकानात वाट्या विसळल्या. मग मोंपेई आला. आवाजाच्या परीक्षेला आलेल्या बाकीच्या बायका गोड गोड बोलल्या, हिनं बर्फाच्या गाडीवरची हाक ठोकली. काम तिथंच पक्कं झालं.

आमच्याकडे सगळे नट एकाच खोलीत बोलतात. समोर पडद्यावर चित्र, खाली चार माइक. ज्याचं वाक्य आलं त्यानं पाऊल न वाजवता पुढे यायचं, बोलायचं, मागे सरकायचं. सळसळणारे कपडे घालायचे नाहीत. पोट गुरगुरू नये म्हणून आधी भाताचा गोळा खाऊन यायचं, आणि संध्याकाळी आलात तरी 'सुप्रभात' म्हणायचं. अशा खोलीत मी आणि चिगुसा खांद्याला खांदा लावून म्हाताऱ्या झालो.

मागच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. बरी झाली, पण खोकला राहिला. एकदा दुसऱ्याच्या ऐन वाक्यात खोकली आणि सगळ्यांना ते पहिल्यापासून करावं लागलं. कोणी चकार शब्द काढला नाही, पण हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ती एकटी येते, एकटी बोलते, एकटी जाते. आम्ही आमचं वेगळ्या दिवशी करतो. मोंपेई तेव्हापासून मिळमिळीत झाला. सगळ्यांना कळत होतं, सांगणार कोण? एवढ्या ज्येष्ठ बाईला 'पुन्हा करा' म्हणायची आमच्यात रीत नाही. दिग्दर्शक हिराइवा तर लहानपणी मोंपेई बघत जेवलेला. तो काचेपलीकडच्या आपल्या खोलीतून कमरेत वाकायचा आणि नावाला अदबीचं 'सान' लावून म्हणायचा, "फारच छान, चिगुसासान."

यंदा मोंपेईचा सिनेमा निघाला. तिच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तिला घेऊन दुपारी जेवायला गेले. वाटीत नुसत्याच जेवायच्या काड्या ढवळत बसली होती.

"आज काम संपलं की हिराइवाला सांगणार आहे. मी मोंपेई सोडतेय."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मला कोणी पुन्हा म्हणत नाही, कुनिए. आधीचा दिग्दर्शक एका हाकेसाठी घाम काढायचा माझा. आता काहीही केलं तरी छान. आजारी माणसाला म्हणतात ना सगळं छान, तसं."

"मग सोडून काय करणार? मांजरं सांभाळणार?"

"तू सूप पी," ती म्हणाली. मला इतका राग आला की मी खरंच सगळं सूप पिऊन टाकलं.

त्याच दिवशी लॉरेटा आमचं रेकॉर्डिंग बघायला यायची होती. लॉरेटा म्हणजे इंग्रजी मोंपेई. टेक्सासची, धिप्पाड, माझ्याहून जरा लहान. तिकडे त्यांची तऱ्हाच निराळी. एका कोंदट खोलीत एकट्यानं उभं राहायचं, कानात चिगुसाचं मूळ वाक्य ऐकायचं आणि पडद्यावरच्या ओठांना जुळेल असं इंग्रजीत म्हणायचं. वीस वर्षं चिगुसा कानात घेऊन ही बाई जपानी शिकली. कोणाचं जपानी? मोंपेईचं! स्टुडिओच्या दारात वाकली आणि हिराइवाला म्हणाली, "ए म्हातारबा, आलो रे मी! खायला काय आहे?"

हिराइवा बिचारा चाळिशीचा. त्याचा चेहरा बघून चिगुसा इतकी हसली की खोकत भिंतीला टेकली. कितीतरी महिन्यांनी हसली होती.

मग काम सुरू झालं. चिगुसा आत माइकपुढे एकटी, आम्ही काचेपलीकडे. प्रसंग पुराचा. मेको वाहून चाललीय आणि मोंपेई काठावरून हाक मारतो. लाल दिवा लागला. चिगुसानं हाक मारली. होती मोठी, पण त्यात जीव नव्हता.

"फारच छान, चिगुसासान," हिराइवा वाकला. "धन्यवाद."

लॉरेटानं त्याच्याकडे रोखून बघितलं. "ए, खरं सांग. चांगली होती?"

हिराइवाचे कान लाल झाले. मी तिची बाही ओढली. "इथं असं विचारत नाहीत गं बाई."

"का नाही? मी तिकडे खोलीत एकटा असतो," ती म्हणाली. हो, 'असतो'च म्हणाली. "पण एकटा नसतो. ही असते माझ्या कानात. हिच्या कानात कोण आहे?"

माझं डोकंच सणकलं. लॉरेटावर नाही, आमच्यावर. अदब अदब म्हणून आम्ही हिला त्या खोलीत कोंडून घातलं होतं आणि वर वाकून धन्यवाद म्हणत होतो! मी दार ढकललं आणि सपाता फटफटवत आत गेले.

"काय गं?" चिगुसा दचकली.

"बकरी आलीय. सरक."

"तुझं काम झालंय ना?"

"झालंय. मला आज फुकट ओरडायचंय. चित्र लावा हो!"

चित्र सुरू झालं. मेको पाण्यात पडली आणि मी चिगुसाच्या कानाशी जीव खाऊन ओरडले. चिगुसाचे खांदे वर आले. तिनं हाक मारली, आणि देवा, आवाज कसा जुन्या दिवसांसारखा कडाडला. पण हाक निम्म्यात आली आणि तिला खोकल्याची उबळ आली. तोंडावर हात दाबून ती खाली बघत उभी राहिली. "माफ करा, माफ करा." मी तिची पाठ चोळत राहिले.

खोकला थांबला. तिनं मान वर करून काचेकडे बघितलं.

"हिराइवा, कसं होतं?"

"फार..." तो म्हणाला आणि अडला. लॉरेटा त्याच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. "चांगलं नव्हतं, चिगुसासान. खोकल्याचं सोडा. मोंपेई नुसता ओरडला. त्याची बकरी बुडतेय, तो घाबरायला हवा." मग त्यानं टेबलाला डोकं टेकेल इतकं वाकून म्हटलं, "पुन्हा करा. प्लीज, पुन्हा."

चिगुसाचे डोळे भरले. नाक चक्क बाहीनं पुसलं तिनं, मोठ्या नटीनं.

"ऐकलंस? पुन्हा म्हणाला," ती माझ्याकडे वळली.

"ऐकलं. बहिरी नाहीये मी."

त्यानंतर त्या माणसानं तिला इतक्या वेळा 'पुन्हा' म्हटलं की माझा घसा बसला. तिचा नाही बसला. शेवटच्या हाकेला लॉरेटा काचेपलीकडे हमसून रडत होती आणि हिराइवा वाकायचंच विसरला.

निघताना चिगुसा त्याच्यापुढे उभी राहिली. आता सोडतेय म्हणून सांगते वाटतं, म्हणून मी मध्ये पडायला पुढे सरकले.

"पुढच्या रेकॉर्डिंगपासून मी सगळ्यांबरोबर येणार," ती म्हणाली. "मी खोकले तर सगळ्यांनी थांबायचं. काम वाईट झालं तर तू सांगायचं. आणि तू सांगायचं बंद केलंस ना हिराइवा, त्या दिवशी मी जाईन."

"हो," तो म्हणाला. "सांगेन."