खाणीतल्या माणसासाठी एक ठराव

गेल्या आठवड्यात वाशीला एका मैत्रिणीकडे आम्ही पाच-सहा जण नवा कॉम्प्युटर बघायला गेलो होतो. त्यावर एक गेम होता आणि त्यातला नायक बोलत होता. बोलत होता म्हणजे थांबतच नव्हता. भिंत चढताना बोलत होता, गोळी लागली तरी बोलत होता. आमच्यात लगेच दोन तट पडले. काहींना पूर्वीचे मुके नायकच बरे वाटत होते, कारण त्यांच्या जागी आपण आहोत असं समजता यायचं. बाकीच्यांचं म्हणणं, इतकी मेहनत करणाऱ्या माणसाला तोंड नको का?

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठल्या बाजूची असणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. कॅन्टीनच्या समोशात बटाटा कमी झाला तरी मी पत्रक काढते, अशी माझी कॉलेजात ख्याती आहे आणि ती खोटी नाही. मी म्हणाले, "आवाज द्यायलाच हवा. पण ज्याच्या हातात रिमोट आहे, त्याला आधी विचारा." हे त्यांना फारच मिळमिळीत वाटलं. त्यांचं चुकलं नाही. आमच्या घरची ती सभा त्यांना माहीत नव्हती.

आम्ही तेव्हा कोपरखैरण्याला राहायचो. माझे वडील, अण्णा, तुर्भ्याच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात माथाडी होते आणि संघटनेची पत्रकंही तेच लिहायचे. छापून आलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली असत. मी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवरून. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी येत होते. शाळेची कच्ची गणितं पत्रकांच्या कोऱ्या बाजूला व्हायची, त्यामुळे माझ्या भागाकारामागे नेहमी एखादी मागणी असे.

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी सभा भरायची. अण्णा अध्यक्ष. टीव्ही कुठल्या भिंतीला ठेवायचा, गावच्या लग्नाला कोणी जायचं, असे विषय. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग अण्णा विचारायचे, "विरोध कुणाचा?" आणि श्वासही न घेता पुढे म्हणायचे, "एकमताने मंजूर." आई गॅसपाशी आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत असायची. भाकरी थापल्याचा आवाज हाच तिचा होकार धरला जाई.

मी सातवीत असताना समोरच्या चाचीकडचा व्हिडिओ गेम आमच्या घरी मुक्कामाला आला. चाची मूळची रायगडच्या किनाऱ्याकडची, तिचा नवरा आखातात नोकरीला. त्याने पोरांसाठी तो आणला आणि पोरांनी पुस्तकाला हात लावणं सोडलं. शेवटी चाचीने खोकं उचललं, आमच्या दारात आणून ठेवलं आणि आईला सांगितलं, "भाभी, परीक्षा संपेपर्यंत तुमच्याकडे राहू दे. माझी पोरं मागायला आली तरी देऊ नका."

आईने ते इमानदारीने सांभाळलं. नुसतं ठेवून गंज चढेल म्हणून दुपारी भांडी आवरल्यावर ती ते लावून बघू लागली, आणि तिला त्यातला खाणीचा गेम आवडला.

एक बुटका माणूस, डोक्याला दिवा. खाणीच्या तोंडातून आत शिरायचं, फळ्यांवरून उड्या मारत, पाळणे पकडत खाली खाली जायचं. तळाशी एक दार. माणूस एक अक्षर बोलायचा नाही. उडी मारली की 'टुक' वाजायचं, पडला की 'टुंई'. आई पदर खोचून पाटावर बसायची, ओठ घट्ट मिटायची आणि तो उडी मारताना स्वतःही पाटावरून थोडी उठायची. त्याला दारापर्यंत न्यायचंच, असं तिने मनाशी धरलं होतं. शेजारणी बोलवायला आल्या तरी ती उठेनाशी झाली. ते शेवटचे पाळणे मात्र तिला काही केल्या जमत नव्हते.

शाळेतून आल्यावर मी हे पाहायची आणि माझं रक्त तापायचं. दिवस-रात्र राबणारा माणूस, ना पगार, ना सुट्टी, आणि वर तोंडही नाही. मालकाचा तर पत्ताच नाही. हे मुकाट बघत बसणं मला शक्य नव्हतं. मी आईशेजारी बसून त्याचा आवाज व्हायला लागले. तो फळीवर चढला की मी म्हणायची, "ही फळी कुजलेली आहे, आम्ही वारंवार तक्रार केली आहे." पाळण्याशी आला की, "सुरक्षेची हमी मिळेपर्यंत एक पाऊलही पुढे टाकणार नाही."

आई आधी हसली. पण हसली की तिचा अंगठा हलायचा आणि माणूस 'टुंई' करून खाली जायचा. मग ती हसेनाशी झाली. मी माझी भाषणं आणखी लांबवली, कारण मृतांच्या वतीनेही कुणीतरी बोलायला हवं होतं. एका दुपारी तो शेवटच्या पाळण्यापर्यंत पोहोचला आणि नेमका तेव्हा मी घोषणा दिली. माणूस पडला. आईने रिमोट ठेवला आणि मला गप्प बसायला सांगितलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली मुस्कटदाबी. मी प्रश्न सभेपुढे न्यायचं ठरवलं.

शनिवारी मी ठराव मांडला : खाणीतल्या माणसाला आवाज मिळालाच पाहिजे. अण्णांनी अनुमोदन तर दिलंच, वर आवाज नसलेल्यांच्या इतिहासावर ते बराच वेळ बोलले. इतके रंगले की समोरच्या दारातून चाची आत आली ते त्यांना कळलंच नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "विरोध कुणाचा?" आणि 'एकमताने'मधला 'एक' उच्चारलाही.

"माझा विरोध हाय," आई म्हणाली.

भाकरीचा आवाज थांबला होता. अण्णांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मीच तिला फूस लावली असावी.

"अगं, पण कारण सांगावं लागतं," ते म्हणाले.

"सांगते की. तुमी दिवसभर बाजारात बोलता, सांजच्याला घरात बोलता. तुमची लेक झोपंतबी घोषणा देती. ह्या घरात न बोलता काम करणारी दोगंच हायत, मी आन् त्यो. त्येला तरी सोडा."

"पण आई, त्याच्यावर अन्याय होतोय," मी म्हणाले.

"तू बोललीस की त्यो पडतो. त्येचं काय?"

मी पलंगाखालची सगळी पत्रकं मनातल्या मनात चाळली, हा मुद्दा एकातही नव्हता.

चाची खरं तर परीक्षा संपल्याचं सांगायला आली होती. उद्या संध्याकाळी ती खोकं न्यायला येणार होती. हे ऐकून आईचा चेहरा उतरला. हाताशी एकच दुपार राहिली होती. अण्णांनी चाचीलाही मत द्यायला लावलं. ती म्हणाली, "भाभी म्हणतील तसं. पण तो बोलणारच असेल तर माझ्या पोरांना अभ्यासाला बसा म्हणून सांगू दे."

ते मत आईच्या बाजूचं धरलं गेलं. दोन विरुद्ध दोन झाले. अण्णांची हयात मालकांशी वाटाघाटी करण्यात गेली होती, त्यांना हुरूप आला. त्यांनी दुरुस्ती सुचवली : खाणीतल्या माणसाला आवाज आहे, पण तो ज्याच्या हातात रिमोट त्याचाच, बाकीच्यांनी गप्प बसावं. आईने मान डोलावली. चाचीने डोलावली. मी निषेध नोंदवला.

रविवारी बाजार बंद, त्यामुळे दुपारी अण्णाही घरी. आई पाटावर बसली. आम्ही दोघं मागे, ठरावाने बांधलेले. अण्णांना गप्प बसायची सवय नव्हती, त्यांनी पंचा तोंडावर दाबून धरला होता. टुक, टुक. माणूस उतरत गेला. पहिला पाळणा आला, गेला. दुसऱ्यावर तो कडेला डुगडुगला. मी अख्खी घोषणा गिळली. मग तो सावरला, शेवटची उडी मारली आणि दारात शिरला.

थोडं संगीत वाजलं. आम्हाला वाटलं, आता बक्षीस, आता घर, आता काहीतरी. पडदा काळा झाला आणि उजळला तेव्हा तो माणूस पुन्हा खाणीच्या तोंडाशी उभा होता. तीच खाण, तेच पाळणे, फक्त पहिल्यापेक्षा जोरात हलणारे.

अण्णांच्या तोंडावरचा पंचा खाली आला. पण ठराव ठराव होता. आम्ही दोघं आईकडे बघत राहिलो.

आईने रिमोट हळूच जमिनीवर ठेवला. मग पडद्यावरच्या माणसाकडे बघत, थोडा जाड आवाज काढून, ती त्याच्या वतीने बोलली.

"आज न्हाई. दमलोय मी. च्या टाका कुणीतरी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागण्या लिहिलेले अण्णा उठले आणि गॅसकडे गेले. साखरेचा डबा कुठला हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आईला विचारायची आमची हिंमत झाली नाही, म्हणून आम्ही अंदाजाने एक पांढरा डबा निवडला.

चाची खोकं न्यायला आली तेव्हा तो माणूस खाणीच्या तोंडाशी तसाच उभा होता, दिवा लावून, अजिबात न हलता. आईने तिला बसवलं. "च्या घिऊन जा," ती म्हणाली, "आज ह्येंनी केलाय."

चाचीने एक घोट घेतला, अण्णांकडे पाहिलं आणि ती आईला म्हणाली, "भाभी, मिठाचा डबा कुठला ते यांना दाखवून ठेवा."