पाहुणीचं पाणी

थंडी मरणाची पडली होती. रहिमतपूरकडच्या बौद्धवस्तीत आक्काताई अंगण सारवत होती, तेवढ्यात तिचा भाचा प्रबुद्ध एका गोऱ्या पोरीला घेऊन आला. ज्युडिथ तिचं नाव. बालवाडीत पगाराविना शिकवायला ती इंग्लंडहून आली होती. गावातला तिचा दुसराच दिवस.

आक्काताईनं हात धुतले आणि पाण्यानं भरलेला तांब्या पुढं केला. ज्युडिथनं नको म्हणून मान हलवली, पिशवीतनं आपली बाटली काढली आणि त्यातलं पाणी प्याली.

आक्काताईचा हात तसाच राहिला. "काल पाटलाच्यात चा पेली म्हनं ही. आमची जात सायबाच्या मुलकात बी पोचली व्हय रं?"

"आवं आत्या, तिला कच्चं पानी बाधतंय. पाटलाच्यातलं बी न्हाई पेली. चा उकळल्याला असतोय."

"मग आदी सांगाय तुजं तोंड शिवलं हुतं का, मुडद्या?"

तिनं चहा टाकला. ज्युडिथ कप रिकामा करून म्हणाली, "लय गोड!" आक्काताईला हसू फुटलं.

दोघं गेल्यावर मात्र तिला जुनं आठवलं. लहानपणी पाटलाच्या विहिरीवर ओंजळ धरून ती वरून पाणी ओतणाऱ्याची वाट बघायची. या पोरीला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तिचा दोषही नव्हता. तरी तिनं मान हलवताच आपल्या मनात पहिलं तेच का यावं, याचाच आक्काताईला राग येत होता.

पाटीतलं शेण घट्ट होत चाललं होतं. तिनं त्यात पाणी घातलं आणि राहिलेलं अंगण सारवायला बसली.